खुर्ची एफ-सात

सिनेमात माणूस घाबरतो तो कानानं. डोळे नुसते साक्षीला असतात. हे माझं मत. हेमांगी नार्वेकरचं मत बरोबर याच्या उलट. "इंगवले, तुझे सगळे आवाज बंद केले तरी माझा काळोख माणसाला खुर्चीत दाबून बसवतो," ती म्हणायची. "माझा काळोख काढून घे आणि सगळं लख्ख करून टाक. लोक तुझ्या आवाजांवर शेंगदाणे खात बसतील."

हेच भांडण भांडत आम्ही दोघांनी कैक रहस्यपट केले. ती उजेडाचं बघायची, मी आवाजाचं. पहिली तीन मिनिटं तर दिग्दर्शक आमच्या गळ्यात मारून चहाला जायचा. कारण पहिल्या तीन मिनिटांत पोटात गोळा आला नाही, तर प्रेक्षक पुढचे दोन तास मोबाइल बघतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग एक दिवस हेमांगी काम सोडून निघाली. कोल्हापूरच्या स्टँडवर मी तिला सोडायला गेलो. गाडीच्या खिडकीतून तिनं हात बाहेर काढला आणि तिची दोन सेलची स्टीलची बॅटरी माझ्या हातात दिली. त्या बॅटरीला सेटवर कुणी बोट लावलेलं तिला खपायचं नाही.

"ठेव. धडपडशील कुठंतरी अंधारात," ती म्हणाली. "आणि ऐक. मी बोलावल्याशिवाय यायचं नाही. शोधायचंही नाही. जोतिबाची शपथ घे."

"अगं पण झालंय काय?"

"शपथ घे म्हटलं ना?"

घेतली. गाडी हलली. माझं तिच्यावर प्रेम होतं, आणि स्टँडवरच्या त्या भोंग्यांच्या गदारोळात मी ते मनातल्या मनात मोठ्यानं ओरडून सांगितलं. पण मनातलं ओरडणं कुठल्या मायक्रोफोनला पकडता येतंय?

त्याला आता नऊ वर्षं झाली. मी प्रल्हाद इंगवले, साठी ओलांडली, आवाजापलीकडे मला काही कळत नाही. या नऊ वर्षांत मला एकच गोष्ट हवी होती. ती कुठंतरी आहे का, आणि असली तर तिला माझी आठवण येते का, एवढं कळावं. बाकी काही मागायची माझी तयारी नव्हती.

ते मला कळलं एका यंत्राकडून. आणि गंमत म्हणजे यंत्राचा समज असा होता, की बाई जाम घाबरलेली आहे.

या यंत्राचं नाव 'पूर्वरंग'. कानामागून आलं आणि तिखट झालं. ते घेऊन आमच्या स्टुडिओत आली निहारिका भोंगळे, पुण्याची, तिशीची, मेंदू आणि आवाज या विषयात डॉक्टर झालेली. मी आधीच ठरवून ठेवलं होतं, की या पोरीशी पटवून घ्यायचं नाही. पण पहिल्याच दिवशी ती खोलीत शिरली, पंखा बंद केला आणि म्हणाली, "सर, याचं बेअरिंग रडतंय." झालं, माझा निम्मा राग तिथंच गेला.

तिनं मला यंत्र समजावलं, ते असं. आजवर सिनेमा सगळ्यांना एकच दिसायचा. पण भीती काही सगळ्यांची एक नसते. दार करकरलं की एकाच्या अंगावर काटा येतो. दुसऱ्याचं सगळं बालपण करकरत्या दाराच्या घरात गेलेलं, त्याला त्या आवाजानं झोप येते. एकाला काळोख खातो, एकाला दुपारचं रिकामं लख्ख ऊन. तेव्हा ज्याला जे लागेल ते त्याला द्यायचं. थिएटरच्या दारात प्रेक्षकाला एक हलका चष्मा मिळतो. तो पडद्यावरचा उजेड त्याच्यापुरता कमी-जास्त करतो आणि डोळ्याची बाहुली किती मोठी झाली तेही बघतो. खुर्चीच्या हातावर धातूची पट्टी असते. तिच्यावर तळवा टेकला की नाडी, घाम, बोटांचा दाब, सगळं समजतं. पाठीला श्वास मोजणारी गादी, आणि डोक्यामागे दोन बारके स्पीकर, ज्यांतला आवाज शेजारच्याला ऐकू जात नाही.

"बारावी पायरी" या आमच्या नव्या सिनेमाची सुरुवात साधी होती. एक बाई रिकाम्या घरात जिना उतरते. खाली उजेड आहे. शेवटच्या पायरीच्या आधी ती थांबते. बास. पण ही तीन मिनिटं पूर्वरंग प्रत्येकाला वेगळी करून द्यायचं. कुणाच्या जिन्यावर नळ ठिबकायचा, कुणाला मागून पायघोळ झग्याची सळसळ, कुणासाठी तळाचा उजेड हळूहळू विझायचा. बारीक बारीक आवाज टाकून बघायचं आणि शरीर काय म्हणतंय ते ऐकायचं. नाडी उडाली, श्वास अडकला, तळव्याला घाम आला, बाहुली फाकली, की समजायचं भीती सापडली. पुढच्या वेळी तोच माणूस आला, तर त्याच्या नाडीच्या लयीवरून त्याला ओळखायचं आणि तेच पुन्हा द्यायचं. नाव-गाव विचारायचं नाही, हा मात्र कडक नियम.

"म्हणजे घाबरवायचं कामसुद्धा आता घाबरणाऱ्यानंच करायचं!" मी म्हणालो.

"निम्मं तो करतो," निहारिका हसली. "उरलेलं निम्मं तुमच्या आवाजांनी करायचंय. तुमचं सगळं कोठार लागेल मला."

कोठार म्हणजे मी हयातभर जमवलेले आवाज. दिलं. पूर्वरंगनं ते सगळं कोथिंबिरीसारखं बारीक चिरलं. त्याला काय कळणार, त्यातला आवाज कुठला आणि खूण कुठली!

आता ही खूण सांगायला हवी. हेमांगीची आणि माझी कामाची एक पद्धत होती, दुसऱ्या कुणाची मी तशी पाहिली नाही. चित्रीकरणाच्या जागी दिवे लावण्याआधी आम्ही सगळ्यांना बाहेर काढायचो. दारं-खिडक्या बंद, मिट्ट काळोख. मग जमिनीवर शेजारी शेजारी बसून त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. रिकाम्या गोदामाची आणि कपडे भरलेल्या खोलीची एक नसते. हेडफोन एकच. त्याचा एक कान मी माझ्या कानाला लावायचो, दुसरा उलटा वळवून तिच्या. त्यासाठी डोकी जवळ आणावी लागत. ती ऐकायची आणि त्यावरून ठरवायची उजेड कुठं पाडायचा. "तो कोपरा खोल वाजतोय, तिकडं काही लावायचं नाही," असं ती नंतर दिवेवाल्यांना सांगायची, आणि ते बिचारे एकमेकांची तोंडं बघायचे.

रेकॉर्डिंग चालू असताना बोलता येत नाही. म्हणून माझं झालं, की मी नखानं मायक्रोफोनवर दोनदा वाजवायचो. टक टक. म्हणजे, माझं झालं, आता तू ये. त्यावर ती बॅटरीचं बटण पुढं सरकवायची. खटक. आणि समोरच्या भिंतीवर पिवळा गोल उमटायचा. आमचा प्रत्येक सिनेमा असा सुरू व्हायचा. ती खटक मी रेकॉर्डिंगमधून दरवेळी कापून टाकायचो आणि दरवेळी कुरकुरायचो, "तुझी ती बॅटरी माझ्या शांततेत घुसते." ती म्हणायची, "मग शांततेला सांग, जरा सरकून बस."

तेव्हा कोठारात टक टक होती. खटक कुठंच नव्हती.

तीन गावांतल्या तीन थिएटरांत चाचणीचे खेळ लागले. दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी निहारिका कपाळाला आठ्या घालून माझ्या खोलीत आली.

"सर, चिपळूणची एक खुर्ची बिघडलीय. एफ-सात. रविवारी चाचणी संपते, त्याआधी मला ती यादीतून काढावी लागेल. पण काढण्याआधी तुम्ही एकदा बघा. मला काही उलगडा होत नाहीये."

चिपळूण म्हटल्यावर माझे कान टवकारले. हेमांगीचं माहेर गुहागरकडचं, एवढं मला माहीत होतं. पण चिपळूणला हजारो माणसं सिनेमा बघतात, म्हणून मी गप्प राहिलो.

"रोज तीनच्या खेळाला एकच व्यक्ती येते," निहारिका म्हणाली. "कडेची खुर्ची. जिन्यावर, नळावर, सळसळीवर काहीही नाही. नाडी शांत. इथं बाकी सगळं थिएटर घाबरलेलं आहे आणि ही व्यक्ती जणू भाजी निवडतेय. आणि मग हे बघा."

पडद्यावरची सरळ रेघ एका जागी ताडकन उभी राहिली होती. श्वास अडकलेला, नाडी उसळलेली, तळव्याला घाम.

"इथं काय वाजलं?" मी विचारलं.

"तेच तर! काहीच नाही. तुमच्या कोठारातला कचरा आहे, कुठलीतरी ठोक. जगात दुसरं कुणीही याला घाबरलेलं नाही. ऐका."

तिनं वाजवलं.

टक टक.

माझा हात टेबलावर होता, तो तिथंच राहिला. मी तिला पुन्हा वाजवायला सांगितलं. मग पुन्हा. निहारिका एकदा पडद्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे.

"सर, तुम्हीपण?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचासुद्धा श्वास अडकतोय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला मला काही सुचेना. मग मी तिला सगळं सांगून टाकलं. काळोखातली बैठक, हेडफोनचा एक कान, नख, बॅटरी, स्टँड, शपथ. कुणाला सांगितलं नव्हतं आजवर.

"म्हणजे ही भीती नव्हे," निहारिका म्हणाली.

"तुझं यंत्र तर म्हणतंय भीती."

"यंत्राला शरीर दिसतं, सर. मन नाही दिसत. आणि शरीर तसं गरीब असतं, त्याच्याकडे फार थोडे शब्द असतात. अंधारात कुणीतरी येतंय असं वाटलं, की श्वास अडकतो, नाडी पळते. येणारा चोर असला तरी, आणि ज्याची वाट बघतोय तो असला तरी. आतली रसायनं तीच. मलाही एक गोष्ट खटकत होती. भीती सरावते. तोच आवाज चार वेळा ऐकला की रेघ खाली बसते. ही रेघ इतके दिवस झाले तरी तशीच उभी आहे. वाट बघण्याचं तसंच असतं. जोवर कुणी येत नाही, तोवर ते संपतच नाही."

ती आहे. चिपळूणला आहे. तीनच्या खेळाला येते, माझ्या नखाचा आवाज ऐकायला येते. मला उठून नाचावंसं वाटत होतं.

मग मला आठवलं. "पण खुर्ची बिघडलीय म्हणालीस, ती कशावरून?"

निहारिकानं दुसरी रेघ काढली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. काहीतरी तिच्याही आत्ताच लक्षात येत होतं.

"चष्म्यावरून. आम्ही पडदा कितीही लख्ख केला तरी हिची बाहुली लहान होत नाही. उजेड पडला की बाहुली आकसते. बाळाचीसुद्धा आकसते, ते आपल्या हातात नसतं. म्हणून मला वाटलं चष्मा मोडला." तिनं बोट पुढं सरकवलं. "पण मोडलेला चष्मा काहीच दाखवणार नाही ना? आणि इथं टक टक झाल्याबरोबर तीच बाहुली मोठी झालीय. म्हणजे चष्मा नीट आहे. मन हललं की बाहुली हलतेय. उजेडानं मात्र हलत नाही. उजेड आतपर्यंत पोचतच नाहीये. काचबिंदूनं डोळ्यामागची नस वाळली, की असं होतं. सर, यांना दिसत नाही."

खोली माझ्या ओळखीची होती, तिची शांतता मला पाठ होती. त्या दिवशी ती मला वेगळीच ऐकू आली.

शेवटच्या सिनेमाच्या वेळी हेमांगीनं एक खेळ काढला होता. दिवे लागले की माझ्या कानाशी येऊन विचारायची, "सांग इंगवले, उजेड किती आहे?" मला वाटायचं माझी परीक्षा घेतेय. मी ऐटीत सांगायचो, डाव्या भिंतीवर परातीएवढा, दारापाशी नुसता धूर. ती मान हलवायची आणि दिवेवाल्यांना त्यावरून सूचना द्यायची. तो खेळ नव्हताच. ती माझ्या डोळ्यांनी दिवे लावत होती. आणि स्टँडवर तिनं मला बॅटरी दिली ती काही माझ्या काळजीनं नव्हे. तिला बॅटरीचा उपयोग राहिला नव्हता. जिनं आयुष्यभर उजेड वाटला, तिनं शेवटचा उजेड माझ्या हातात ठेवला आणि मला कळू न देता गाडीत बसली. अगं बये, मला एवढं तरी सांगायचंस! मी हात धरून कोकणात आलो असतो, भांडत आलो असतो.

"सर, मी त्यांना शोधू शकते," निहारिका म्हणाली. "नियम मोडून. थिएटरवाल्याला विचारलं तर..."

"नाही. तिनं बोलावलेलं नाही."

"पण त्या रोज येतात!"

"ऐकायला येते. बोलावलेलं नाही." तिला माझा हट्ट पटला नसावा. पण शपथ म्हणजे शपथ. आणि जिला आपलं आंधळेपण मला दिसू द्यायचं नव्हतं, तिच्यापुढं मी असाच जाऊन उभा कसा राहणार? शिवाय आपण तिची नाडी चोरून ऐकतोय, याचीही मला लाज वाटत होती. भिंतीला कान असतात हे ठीक, पण खुर्चीलाही असतात हे त्या बिचारीला कुठं माहीत?

मी म्हणालो, "मला तिला सांगायचंय, की मला ऐकू आलं. तिच्या टक टकनंतर रोज काहीच होत नाही, बरोबर? जिन्यावर काळोखच राहतो?"

"हो. त्यानंतरच्या शांततेत त्यांची रेघ सगळ्यात उंच जाते, म्हणून पूर्वरंग पुढं काहीच देत नाही."

"तिथं बॅटरी लागायला हवी."

"उजेड टाकून काय उपयोग? त्यांना..."

"उजेड नको. ती खटक टाकायची."

एका प्रेक्षकाची सुरुवात हातानं बदलायची नाही, हा निहारिकाच्याच हातानं लिहिलेला नियम होता. "एकदा करू शकते," ती अखेर म्हणाली. "शनिवारी. पण सर, एक समजून घ्या. त्यांना उत्तर मिळालं, की वाट बघणं संपेल. रेघ खाली येईल. यंत्र म्हणेल भीती गेली, हा आवाज बाद. मग ते टक टक त्यांना पुन्हा कधीच देणार नाही. आणि त्यांना राग आला, की कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय, तर त्या उठून जातील. नाही केलं, तर रविवारपर्यंत त्या रोज येतील, तुम्हाला रोज दिसतील. केलं, तर कदाचित शनिवारी शेवटच्या."

नऊ वर्षं मागत होतो ते मिळालं होतं. ती आहे, तिला आठवण येते. गुमान बसलो असतो, तर ती रेघ रविवारपर्यंत रोज माझ्या पुढ्यात उभी राहिली असती. पण एका माणसानं काळोखात श्वास रोखून बसायचं आणि दुसऱ्यानं ते लांबून बघत सुख मानायचं, हे मला जमणारं नव्हतं.

"खटक टाक," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या फळीवरून बॅटरी काढली. आतले सेल फुटून हिरवे झाले होते, ते खरवडून फेकले. बटण गंजलेलं. आधी सरकेचना, मग सरकलं तेव्हा कुरकुरत सरकलं. शेजारची कुकरची शिट्टी संपेपर्यंत थांबलो. फ्रिज बंद केला. मायक्रोफोन बॅटरीजवळ धरला, आणि जी खटक मी हयातभर कापत आलो, ती आयुष्यात पहिल्यांदा रेकॉर्ड केली. निहारिका म्हणाली, गंजाची कुरकुर काढून टाकू का? मी नको म्हणालो. उगाच दुधाची तहान ताकावर कशाला? जशी आहे तशी जाऊ दे.

शनिवारी तीनला आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. एफ-सात भरली. नाडी शांत, नेहमीसारखी. चिपळूणच्या थिएटरात दिवे मालवले असणार, ती बाई जिना उतरायला लागली असणार. मला फक्त एक रेघ दिसत होती.

टक टक.

रेघ उभी राहिली. श्वास अडकला. मी मनात म्हणालो, हेमांगे, थांब जरा, आलोच.

खटक.

काहीच झालं नाही. रेघ तिथंच. श्वास सुटेना. निहारिकानं माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, चुकलं. उठली ती, गेली. मग रेघ हळूहळू, फार हळूहळू खाली यायला लागली. एक लांब श्वास सुटला. इतका लांब, की गादीचा काटा तळाला टेकला. नाडी निवली. पडद्याच्या कोपऱ्यात यंत्रानं दोन ओळी टाकल्या: भीती शून्य, आवाज वगळला.

"गेलं," निहारिका पुटपुटली.

मी मान हलवली. ठीक आहे, म्हटलं. तिला कळलं, एवढं पुरे. पुरे नव्हतं, पण म्हटलं.

तेवढ्यात खालच्या बारक्या पट्टीत दोन टोकं उमटली. शेजारी शेजारी.

"हे काय?" मी विचारलं.

"खुर्चीच्या हाताचा दाब. यंत्र याला खुर्चीची हालचाल म्हणतंय, ते पुसून टाकतं..." माझ्याकडे न बघता तिनं एक बटण दाबून त्या दाबाचा आवाज केला आणि स्पीकर मोठा केला.

टक टक.

माझं झालं, आता तू ये.

मी खुर्चीतून उठलो ते चपला शोधायला लागलो. निहारिका रडत होती आणि हसतही होती. "सर, खेळ संपायच्या आत नाही पोचणार तुम्ही चिपळूणला!"

"आज नाही. उद्या तीनचा. एफ-आठ रिकामी आहे का बघ."

रविवारी विजेच्या एसटीनं घाट उतरलो. पूर्वी या घाटात इंजिन कसं कण्हायचं! आता गाडी मांजरीसारखी चालते, आणि मला सगळ्या वाटेत माझंच काळीज ऐकू येत होतं. थिएटरच्या दारात चष्मा दिला, तो मी खिशात टाकला.

एफ-सातवर ती बसलेली होती. केस पांढरे झालेले, कापलेले. पांढरी काठी गुडघ्याला टेकवलेली. तोंड पडद्याकडे. मी एफ-आठवर बसलो. एवढी वर्षं वाक्यं जुळवलेली होती, एक जागेवर नव्हतं. थिएटरातले दिवे मंदावत गेले. मी पिशवीतून बॅटरी काढली आणि बटण पुढं सरकवलं.

खटक.

तिची मान वळली नाही. फक्त हात पुढं आला, बॅटरीवरून फिरला, बटणावर थांबला.

"गंज चढवलास," ती म्हणाली. "काल ऐकूनच कळलं. तेल घालायला काय झालं होतं?"

"सेलपण नाहीत आत."

"मग कशाला आणलीस?"

"तू बोलावलंस म्हणून."

तिचा हात बॅटरीवरून माझ्या मनगटावर आला आणि तिथं राहिला. तिचं बोट नाडीवर होतं, आणि माझी नाडी काय करत होती ते सांगायला तिथं कुठल्या यंत्राची गरज नव्हती.

"घाबरलास?" तिनं विचारलं.

"जाम."

ती हसली. आवाज तोच होता, जरा खाली उतरलेला. पडद्यावर जिना आला. तिनं डोकं माझ्याजवळ आणलं, पूर्वी हेडफोनसाठी आणायची तसं.

"सांग इंगवले," ती म्हणाली, "उजेड किती आहे?"

"तळाच्या पायरीवर," मी म्हणालो, "बशीएवढा. पिवळा. आणि आता तो हळूहळू वर चढतोय."